पांढरी अंडी मेलेलीच असतात का?

वाचकाचे पत्र

माझ्याकडे दोन ॲक्सोलॉटल (आयुष्यभर पाण्यात राहणारे, कल्ले असलेले उभयचर प्राणी) आहेत, एक सोनेरी आणि एक गडद रंगाचा. दोन्ही माद्या आहेत असे समजून मी ते घेतले होते. गेल्या आठवड्यात टाकीच्या तळाशी जेलीसारखे लहान शंकू दिसले. घाण समजून मी ते काढून टाकले. दोन दिवसांनी सकाळी पाहतो तर सगळ्या पाणवनस्पतींवर अंडी चिकटलेली होती. चित्रांत पाहिलेली अंडी काळी होती, ही मात्र सगळीच्या सगळी पांढरी आहेत. ती मेलेली आहेत असे समजून मी जवळजवळ निम्मी फेकून दिली आणि मग माझा हात थांबला. आज पाचवा दिवस आहे. उरलेली साधारण दोनशे अंडी वेगळ्या टबमध्ये ठेवली असून पाण्याचे तापमान १९ अंश सेल्सिअस आहे. अंडी जिवंत आहेत की नाहीत हे कसे ओळखावे? जिवंत असल्यास पिल्ले बाहेर येईपर्यंत काय करावे? आणि एवढ्या सगळ्यांचे पुढे काय करायचे?

उत्तर

तुमचा हात थांबला हे फार बरे झाले, कारण तुमच्या पत्रात दिलेल्या तपशिलांवरून ही अंडी फलित असण्याचीच शक्यता जास्त दिसते. तळाशी दिसलेले जेलीचे शंकू म्हणजे नराने सोडलेल्या शुक्राणूंच्या कुप्या होत. ॲक्सोलॉटलमध्ये नर मादीला मिठी मारत नाही. तो तळावर या कुप्या ठेवत पुढे सरकतो आणि त्याच्या मागोमाग चालणारी मादी त्या आपल्या शरीरात उचलून घेते. तुम्ही काढून टाकलेले शंकू हे तिने न उचललेले असावेत, कारण नर एका रात्रीत गरजेपेक्षा कितीतरी जास्त कुप्या सोडतो. त्यानंतर काही तासांपासून दोन-तीन दिवसांपर्यंत केव्हाही अंडी घातली जातात आणि तुमच्याकडे नेमके तसेच घडले आहे. दोन माद्यांपैकी एक मादी नव्हती, एवढाच याचा अर्थ.

आता रंगाविषयी. अंड्याचा रंग आतल्या पिल्लाचा नसतो, तो आईचा असतो. अंडे तयार होत असताना आईच्या शरीरातून त्यात काळे रंगद्रव्य उतरते, म्हणून गडद मादीच्या अंड्याचा वरचा अर्धा भाग काळा किंवा तपकिरी आणि खालचा अर्धा भाग फिकट दिसतो. काळ्या डोळ्यांच्या पांढऱ्या मादीची अंडीही अशीच काळी असतात, कारण तिच्या शरीरात रंगद्रव्य तयार होते, फक्त ते कातडीभर पसरत नाही. सोनेरी ॲक्सोलॉटल मात्र अल्बिनो असतो, म्हणजे काळे रंगद्रव्य त्याच्या शरीरात तयारच होत नाही, आणि त्यामुळे सोनेरी मादीची अंडी पहिल्या क्षणापासून पांढरी किंवा फिकट पिवळसर असतात. ती तशीच असायला हवीत. तुमच्या जोडीत सोनेरी ती मादी आणि गडद तो नर, हे अंड्यांच्या रंगावरूनच सांगता येते. मेलेले अंडे पांढरे पडते हे खरे आहे, पण ते गडद मादीच्या अंड्याबाबत उपयोगी पडणारे लक्षण आहे, आणि बहुतेक माहिती तेवढ्यापुरतीच लिहिलेली असल्यामुळे सोनेरी मादीच्या मालकांकडून चांगली अंडी नेहमी कचऱ्यात जातात. तुम्ही एकटेच नाही.

रंग असा फसवत असल्यामुळे परीक्षा आकाराची घ्यायची. फलित अंड्याचा आकार दररोज बदलतो. अफलित अंडे गोळाच राहते. यासाठी लागणारे साहित्य अगदी थोडे आहे: एक उथळ काचेची वाटी, दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि एक लहान टॉर्च. पान कात्रीने कापून त्यावरील दोन-चार अंडी टबमधल्याच पाण्यासह वाटीत घ्यावीत, वाटी काळ्या कागदावर ठेवावी आणि प्रकाश वरून न पाडता बाजूने, जवळजवळ आडवा पाडावा. पांढऱ्या अंड्यावरच्या खाचा आणि उंचवटे सरळ उजेडात मुळीच दिसत नाहीत. आडव्या उजेडात त्यांची सावली पडते आणि मग दिसतात. टॉर्च फार वेळ जवळ धरू नये, कारण वाटीतले थोडेसे पाणी लवकर तापते.

आज पाचव्या दिवशी, १९ अंशांच्या पाण्यात, जिवंत अंड्यात तुम्हाला गोळा दिसणार नाही. पारदर्शक जेलीच्या आत एक किंचित वाकलेला, लांबट भ्रूण दिसेल, वालाच्या दाण्याची आठवण करून देणारा: एका टोकाला डोक्याचा फुगवटा, त्याच्या दोन्ही बाजूंना डोळ्यांच्या जागी जेमतेम कळणारे उंचवटे, पोटाशी बलकाचा मोठा भाग आणि दुसऱ्या टोकाला शेपटीची नुकती सुरुवात. असा आकार ज्या अंड्यात दिसला ते जिवंत आहे, मग त्याचा रंग कोणताही असो. ज्यात आजही नुसता गुळगुळीत किंवा ठिपकेदार गोळा आहे ते अफलित होते किंवा सुरुवातीलाच थांबले. ज्यात आतला भाग ढगाळ, राखाडी, संगमरवरासारखा चट्ट्याचट्ट्यांचा झाला आहे, किंवा बलक फुटून जेलीच्या आतल्या द्रवात पसरला आहे, ते संपले आहे. अशी अंडी लगेच काढावीत. उरलेल्या संशयितांना मात्र आणखी दोन दिवस द्यावेत, कारण एकाच रात्रीत घातलेली अंडीसुद्धा एकाच वेगाने वाढत नाहीत आणि टबाच्या थंड कोपऱ्यातली थोडी मागे राहतात.

पुढच्या खेपेला उपयोगी पडावे म्हणून आधीच्या दिवसांचेही सांगतो. २० अंशांच्या आसपास, अंडे घातल्यापासून सुमारे सात तासांनी त्यावर पहिली खाच पडते आणि त्याचे दोन भाग होतात. पुढे दर दीड-दोन तासांनी चार, आठ, सोळा असे विभाजन होत राहते आणि त्या संध्याकाळी अंडे तुतीच्या फळासारखे खडबडीत दिसते. गोंधळ होतो तो दुसऱ्या दिवशी. पेशी इतक्या बारीक झालेल्या असतात की भिंगातूनही त्या वेगळ्या दिसत नाहीत आणि अंडे पुन्हा पहिल्यासारखे गुळगुळीत वाटते. माझ्या पहिल्या अंड्यांच्या वेळी हे मला ठाऊक नव्हते. काल विभाजन दिसत होते आणि आज नाही, म्हणजे सगळी मेली, असा निष्कर्ष काढून मी टब रिकामा करायला घेतला होता आणि केवळ कंटाळ्यामुळे ते काम उद्यावर टाकले. तिसऱ्या दिवशी त्याच अंड्यांच्या माथ्यावर घोड्याच्या नालेसारखी उंच कड उमटली होती. त्या कडेच्या दोन्ही बाजू एकमेकींकडे सरकून मिटतात आणि त्यातूनच मेंदू व मज्जारज्जू तयार होतो. म्हणून कोणत्याही अंड्याचा निकाल दुसऱ्या दिवशी देऊ नये. चौथ्या दिवसाच्या आत तर देऊच नये.

तुमच्या अंड्यांत येत्या दोन-तीन दिवसांत दोन गोष्टी पाहण्यासारख्या घडतील. एक म्हणजे हृदय. गळ्याखाली, बलकाच्या पुढच्या कडेशी, अगदी लहानशी धडधड दिसू लागेल आणि वाटी किंचित हलवली तर भ्रूण अंगाला एक झटका देऊन कूस बदलेल. दुसरी गोष्ट रंगाची. आईने रंगद्रव्य दिलेले नसले तरी बापाकडून आलेल्या जनुकामुळे भ्रूण आता स्वतःचे रंगद्रव्य बनवू लागतो, आणि साधारण आठवड्याच्या पुढे मागे पांढऱ्या पाठीवर मिरपूड भुरभुरावी तसे काळे ठिपके येतात. ते बुरशीचे किंवा सडण्याचे लक्षण नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. गडद नराकडे अल्बिनोपणाचे लपलेले जनुक असेल तर साधारण निम्म्या पिल्लांवर हे ठिपके येणार नाहीत, आणि तीही तितकीच जिवंत असतील.

टबाची व्यवस्था साधी ठेवावी. पाण्याची खोली १० ते १५ सेंटीमीटर पुरेशी आहे आणि तापमान १६ ते २० अंशांच्या दरम्यान असावे. तुमचे १९ अंश उत्तम आहे. पाणी जास्त गरम केले तर अंडी लवकर फुटतात हे खरे, परंतु वाढ घाईची होते, बुरशी जोर धरते आणि पाण्यातला प्राणवायू कमी होतो; चोवीस अंशांच्या वर तर जाऊच देऊ नये. नळाचे पाणी वापरत असाल तर क्लोरीन काढणारे द्रावण घातल्याशिवाय ते टबमध्ये जाता कामा नये. पाणी रात्रभर उघडे ठेवून साधे क्लोरीन उडून जाते, पण क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचे संयुग) तसे जात नाही आणि तुमच्या पाण्यात कोणते आहे याची खात्री नसेल तर द्रावण वापरणेच शहाणपणाचे. दररोज एक चतुर्थांश ते एक तृतीयांश पाणी त्याच तापमानाच्या ताज्या पाण्याने बदलावे. एअर पंप लावायचा असेल तर बुडबुडे इतकेच सोडावेत की पाणी हळूच फिरत राहील. अंडी घुसळली जाता कामा नयेत. टबावर थेट ऊन नसावे. पानांवरची अंडी ओरबाडून सुटी करण्याची गरज नाही, मात्र एकमेकांना चिकटलेल्या गठ्ठ्यांच्या आतल्या अंड्यांना प्राणवायू कमी मिळतो, म्हणून ते गठ्ठे ओल्या बोटांनी हलकेच मोकळे करावेत. जेली दिसते त्यापेक्षा चिवट असते.

बुरशीचा एक नियम लक्षात ठेवावा: ती सुरू होते मेलेल्या अंड्यावर. जिवंत अंड्याची जेली शाबूत असेल तर बुरशी सहसा आत शिरत नाही, पण शेजारच्या मेलेल्या अंड्यावर कापसासारखे पांढरे तंतू वाढू लागले की ते चांगल्या अंड्याला वेढतात आणि त्याचा प्राणवायू तोडतात. त्यामुळे दिवसातून एकदा, शक्यतो ठरलेल्या वेळी, रुंद तोंडाच्या ड्रॉपरने खराब अंडी वेचून काढणे हाच खरा उपाय आहे. पुष्कळ जण पहिल्या दिवशीच मेथिलीन ब्लू हे बुरशी रोखणारे निळे औषध घालतात. स्वच्छ टबमध्ये त्याची गरज पडत नाही, निळ्या पाण्यात अंडी नीट दिसत नाहीत आणि वेचण्याच्या कामाला ते पर्याय होत नाही, म्हणून मी ते वापरत नाही. माशांच्या बुरशीसाठी मिळणारी तांबेयुक्त औषधे मात्र कोणत्याही परिस्थितीत घालू नयेत. उभयचरांच्या नाजूक त्वचेला आणि कल्ल्यांना तांबे घातक असते.

१९ अंशांवर अंडी घातल्यापासून साधारण दोन ते अडीच आठवड्यांत पिल्ले बाहेर येतील, म्हणजे तुमच्या हाती अजून नऊ ते तेरा दिवस आहेत. शेवटच्या दिवसांत पिल्लू आत स्वल्पविरामासारखे वळून बसलेले, डोक्यामागे पिसांसारखे कल्ले फुटलेले आणि अधूनमधून गिरकी घेणारे असे दिसेल. त्याच्या डोक्यावरच्या ग्रंथींतून पाझरणारा स्राव आवरण आतून विरघळवतो, जेली सैल आणि पातळ होते आणि पिल्लू एका झटक्यात बाहेर पडते. त्याला चिमट्याने मदत करण्याचा मोह होईल, तो आवरावा. सर्वांत पहिले पिल्लू आणि सर्वांत शेवटचे पिल्लू यांच्यात तीन-चार दिवसांचे अंतर पडणे नेहमीचे आहे, आणि वेळेआधी बाहेर काढलेले पिल्लू बहुधा जगत नाही. बहुतेक भावंडे बाहेर येऊन तीन दिवस उलटले आणि आत एखादे हालचाल करणारे पिल्लू अडकलेलेच राहिले, तरच दोन बारीक चिमट्यांनी आवरण फाडावे.

बाहेर आलेले पिल्लू जेमतेम एक सेंटीमीटर लांब असते आणि त्याला अजून पाय नसतात. पहिले दोन-तीन दिवस ते तळाशी आडवे पडून राहते आणि पाहणाऱ्याला ते मेल्यासारखे वाटते. ड्रॉपरमधल्या पाण्याची हलकी धार जवळ सोडली की ते सुळकन दूर जाते. या दिवसांत त्याला खायला घालू नये, पोटातला उरलेला बलक त्याला पुरतो. त्यानंतर मात्र खाण्यात एक दिवसाचीही हयगय चालत नाही, आणि पहिल्यांदाच पिल्ले वाढवणाऱ्यांचे सर्वांत मोठे नुकसान होते ते नेमके इथे, कारण या वयात पिल्लू फक्त हलणाऱ्या वस्तूवर झडप घालते. मासे खातात ते कोरडे खाद्य त्याच्या लेखी अन्नच नसते. ते तळाशी सडते आणि पाणी बिघडवते.

म्हणून आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या सूक्ष्म जीवाची) अंडी आजच मिळवून ठेवावीत आणि ती उबवण्याचा सराव पिल्ले येण्यापूर्वी एकदा तरी करून पाहावा. एक लिटर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम मीठ घालून, ते २६ ते २८ अंशांवर ठेवून, खालून हवेचे जोरदार बुडबुडे सोडले की २४ ते ३६ तासांत नारिंगी रंगाची सूक्ष्म पिल्ले तयार होतात. हवा बंद करून भांड्याच्या तळाशी एका बाजूने दिवा धरला की ती उजेडाकडे गोळा होतात आणि रिकामी टरफले वर तरंगतात. मग नळीने ती काढून, बारीक कापडावर गोड्या पाण्याने धुऊन, दिवसातून दोनदा थोडी थोडी द्यावीत. धुण्यात आळस केला तर मीठ टबमध्ये साचत जाते. पिल्लाने खाल्ले की नाही याचा अंदाज बांधावा लागत नाही, कारण त्याचे पारदर्शक पोट अर्ध्या तासात नारिंगी दिसू लागते. गोड्या पाण्यात आर्टेमिया काही तासांतच मरतो, तेव्हा उरलेला भाग प्रत्येक खाण्यानंतर ड्रॉपरने उचलावा आणि या टप्प्यावर रोजचे निम्म्याहून जास्त पाणी बदलावे. आर्टेमिया जमत नसेल तर मायक्रोवर्म (अगदी बारीक कृमी) किंवा लहान डॅफ्निया (पाणपिसवा) चालतात, पण दोन्हींची पैदास आधीपासून तयार असावी लागते.

दोनशेंपैकी किती ठेवावीत, हा तुमचा शेवटचा प्रश्न खरे तर आज सर्वांत आधी सोडवायला हवा. एका मादीने शंभरापासून हजारापर्यंत अंडी घालणे ही ॲक्सोलॉटलची सर्वसाधारण रीत आहे, आणि ती सगळी वाढवण्याची अपेक्षा कोणीच ठेवू नये. पुढचे पाय फुटू लागले की पिल्ले शेजाऱ्याच्या हालणाऱ्या कोणत्याही अवयवाला खाद्य समजून चावतात. तुटलेला पाय पुन्हा येतो हे खरे असले तरी गर्दीच्या टबमध्ये ते चित्र पाहवत नाही. पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याने वीस-पंचवीस पिल्लांच्या पुढे जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. त्यासाठी उत्तम वाढलेली तीस-चाळीस अंडी निवडावीत. बाकीची अंडी अनुभवी पाळणाऱ्याला लगेच देता येत असतील तर द्यावीत. अंडी नेणे पिल्ले नेण्यापेक्षा सोपे असते. ते शक्य नसेल तर ती फ्रीजरमध्ये ठेवून नष्ट करावीत. हे काम पहिल्या दोन दिवसांत, मज्जासंस्था घडण्यापूर्वी, करणे सर्वांत योग्य असते. तुमचा तो काळ गेला आहे, पण भ्रूणांची हालचाल अजून सुरू झालेली नाही, तेव्हा ठरवायचे ते आज-उद्याच ठरवावे. जास्तीची अंडी किंवा पिल्ले तळ्यात, ओढ्यात, नदीत सोडण्याचा विचार मात्र मनातही आणू नये. ॲक्सोलॉटलचे मूळ घर मेक्सिको शहराच्या दक्षिण भागातल्या सोचिमिल्कोच्या कालव्यांपुरते उरले आहे, तिथेही तो नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे, आणि दुसऱ्या कुठल्या पाण्यात सोडलेला पाळीव ॲक्सोलॉटल एक तर स्वतः मरतो किंवा तिथल्या जिवांना रोग देतो.

देण्यापूर्वी घेणाऱ्याला हेही सांगावे की ही सगळी सख्खी भावंडे आहेत. पाळीव ॲक्सोलॉटलांचा मोठा भाग १८६४ साली मेक्सिकोहून पॅरिसला आणलेल्या ३४ प्राण्यांपैकी मोजक्यांच्या वंशातून आलेला आहे, त्यामुळे नात्यातल्या नात्यात पैदास करण्याची चैन त्यांना मुळीच परवडत नाही. तुमची जोडी एकाच ठिकाणाहून, एकाच वयाची घेतलेली असेल, तर तीही बहीण-भाऊ असण्याची शक्यता आहे. तसे असल्यास एकही अंडे वाढवू नये असाच सल्ला मी देईन. विक्रेत्याला आजच विचारून पाहावे.

उत्तर काहीही येवो, सोनेरी मादीला गडद नरापासून आज रात्रीच वेगळे करावे. नर थांबत नाही, आणि अंडी घालून थकलेली मादी पुन्हा लगेच अंड्यांवर आली तर तिची ताकद झपाट्याने घटते. तिला किमान तीन महिने, शक्य असल्यास सहा, एकटी ठेवावी, गांडुळांसारखे पोषक खाद्य भरपूर द्यावे आणि तिचे पोट डोक्याच्या रुंदीइतके पुन्हा भरले आहे का याकडे लक्ष ठेवावे. वेगळी केल्यानंतरही पुढचे काही दिवस तिच्या टाकीतल्या पानांवर चार-दोन अंडी दिसली तर घाबरू नये. आधी उचललेले शुक्राणू तिच्या शरीरात काही काळ टिकतात. ती अंडी तिनेच खाल्लेली दिसली तरी तिला खाऊ द्यावीत.